‘समाधान करवुं छे?’ : बडोद्यात घरातल्या मारहाणीतून बाहेर पडणाऱ्या मराठी बाईसाठी

लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा मला गुजराती भाजीवाल्यापुरती येत होती. अकरा वर्षांनी पोलीस ठाण्यात बसले तेव्हाही ती फार पुढे गेलेली नव्हती. समोरच्या बेननी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि शांतपणे विचारलं, ‘समाधान करवुं छे ने?’ मला वाटलं, त्या विचारताहेत की बोलून जरा बरं वाटलं का. वाटलं होतंच. मी मान हलवली. अर्ध्या तासाने एका गुजराती कागदावर माझी सही होती आणि मी नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून घरी निघाले होते.

गुजरातीत समाधान म्हणजे तडजोड.

त्यानंतर दीड वर्षाने मी पुन्हा निघाले, तेव्हा मात्र परत गेले नाही. मधल्या काळात जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. सांगली-कोल्हापूरकडून, खानदेशातून इथे दिलेल्या मुली अजून येतात, आणि दांडिया बाजारात, रावपुऱ्यात चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतही हे होतंच. बडोद्यात मदत करणाऱ्या जागा पुष्कळ आहेत: हेल्पलाइन, दवाखाना, सखी केंद्र, रक्षण अधिकारी (घरातल्या हिंसेसाठी नेमलेला सरकारी अधिकारी), फुकट वकील. कागदावर या सगळ्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत. प्रत्यक्षात एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर आपोआप जात नाही, तो आपल्यालाच न्यावा लागतो. म्हणून आधीच सांगते: एक फाइल करा. मी माझी गोष्ट सात ठिकाणी सात वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी काहीतरी गळलं. फाइल असती तर दोनदा सांगून भागलं असतं.

१. आत्ता मारहाण चालू असेल तर

बाकीचं नंतर वाचा. ११२ लावा. आधी पत्ता सांगा, मग काय चाललंय ते. पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत, राहत असाल तर पोळीचं नाव आणि तोंडाशी काय आहे, देऊळ की दुकान, तेही सांगा. आतल्या घरांचे नंबर गाडीतल्या माणसाला सापडत नाहीत. फोन करणं शक्य नसेल तर शेजारणीला करू द्या. कौटुंबिक हिंसाचाराची खबर कुणीही देऊ शकतं आणि खऱ्या मनाने दिलेल्या खबरीबद्दल कायदा त्या माणसाला जबाबदार धरत नाही. शेजारी घाबरतात ते यालाच, तेव्हा त्यांना हे आधी सांगून ठेवा.

२. निघायच्या आधी: पिशवी आणि फोन

निघण्याचा दिवस हातात असेल तर आठ-दहा दिवस आधीपासून कागद थोडे थोडे हलवा. मी रोज एक कागद भाजीच्या पिशवीतून नेऊन झेरॉक्स काढायचे. प्रती समोरच्या मासींच्या लोखंडी कपाटात ठेवल्या. त्या गुजराती, मी मराठी, आमचं बोलणं निम्मं हातवाऱ्यांचं. पण त्यांनी दोन वर्षं तोंडातून शब्द काढला नाही.

फाइलमध्ये हे असू द्या:

- तुमचं आणि मुलांचं आधार, मुलांचे जन्मदाखले
- लग्नाचा दाखला. नोंदणी झालेली नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो
- त्या घरात राहत होतात याचा पुरावा: रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, त्या पत्त्यावर तुमच्या नावाने आलेलं काहीही
- बँकेचं पासबुक, नवऱ्याच्या पगाराची किंवा धंद्याची माहिती मिळेल तेवढी
- दवाखान्याचे सगळे केसपेपर, जुनेसुद्धा
- स्त्रीधनाची यादी
- एक साधी वही: तारीख, काय झालं, कुणी पाहिलं

स्त्रीधनाच्या पावत्या बहुतेकींकडे नसतात. माझ्याकडेही नव्हत्या. मी लग्नाच्या अल्बममधले चार फोटो काढले आणि पाटल्या, तोडे, मोहनमाळ अशा एकेका दागिन्याला पेनाने आकडा टाकून खाली यादी केली. कुणी दिला तेही लिहिलं. वकिलीणबाईंनी ते पान बघून मान डोलावली, म्हणजे चालतं.

फोनचं मात्र जास्त जपा. माझ्या फोनमध्ये नवऱ्यानेच केलेलं ईमेल खातं होतं, त्यामुळे मी कुठे जाते ते त्याला नकाशावर दिसत होतं. मी मात्र महिनाभर मासींवर संशय घेतला. लोकेशन शेअरिंग बंद करा, व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या कंप्युटरवर चालू आहे का ते तपासा, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. धमक्यांचे मेसेज नुसते दुसऱ्याला पाठवून आपल्याकडचे पुसू नका. कोर्टात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन जवळ असला की ते काम सोपं होतं.

३. १८१ अभयम

गुजरातची ही हेल्पलाइन ८ मार्च २०१५ पासून राज्यभर आहे. चोवीस तास चालते, फोन फुकट. पलीकडे समुपदेशक बाई असते आणि गरज पडली तर गाडी घेऊन समुपदेशक आणि महिला पोलीस तुमच्यापर्यंत येतात. हिंदीत बोललात तरी चालतं. गुजराती येत नाही म्हणून फोन टाळू नका.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एक, ती गाडी पोळीच्या तोंडाशी उभी राहिली की सगळ्या खिडक्या उघडतात. ते नको असेल तर बाहेर भेटायची जागा सांगा: देऊळ, बाग, बस स्टँड. दुसरी जास्त महत्त्वाची. समुपदेशक नवऱ्यालाही बोलावून समजावतात, त्याच्याकडून लेखी ‘बाहेंधरी’ म्हणजे हमी घेतात. काही घरांत तेवढ्याने फरक पडतो, नाही असं नाही. पण तुम्हाला तडजोड नको असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा: ‘मारे समाधान नथी करवुं.’ कशावरही सही करायच्या आधी कागद हिंदीत वाचून दाखवा म्हणा, आणि सही केलीत तर त्याची प्रत किंवा निदान फोटो घ्या. माझ्या त्या पहिल्या कागदाचा फोटो माझ्याकडे नाही. त्याने काय कबूल केलं होतं ते मला आजही ठाऊक नाही.

४. दवाखाना

मार लागला असेल तर त्याच दिवशी जा. सयाजी हॉस्पिटल, म्हणजे एसएसजी, चोवीस तास उघडं असतं. डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि ते कागदावर लिहिलंय का बघा. ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलेलं असतं, आणि दोन वर्षांनी समोरचा वकील नेमका तोच केसपेपर काढतो. मी दोनदा पाय घसरून पडलेली आहे, सरकारी नोंदीप्रमाणे. एमएलसी करा म्हणा, म्हणजे पोलिसांकडे जाणारी नोंद.

तक्रार झालेली नाही म्हणून दवाखाना तुम्हाला परत पाठवू शकत नाही. उलट, घटनेचा अहवाल आधी झालेला नसेल तर तो भरून रक्षण अधिकाऱ्याकडे पाठवणं हे दवाखान्याचंच काम आहे, असं कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचे नियम सांगतात. हे दवाखान्यातल्या सगळ्यांना माहीत असतंच असं नाही. तेव्हा वाद न घालता केसपेपरची प्रत घ्या आणि फाइलमध्ये टाका.

५. आजची रात्र, आणि त्यानंतरच्या रात्री

सखी वन स्टॉप सेंटर ही केंद्राची योजना २०१५ पासून आहे. तिथे एका छपराखाली समुपदेशन, पोलिसांशी आणि दवाखान्याशी संपर्क, कायद्याची माहिती आणि तात्पुरता निवारा मिळतो. निवारा साधारण पाच दिवसांचा, मुली आणि लहान मुलगे यांच्यासकट. पत्ता १८१ वरच विचारा, ते सोडूनही येतात. पाच दिवस ऐकायला कमी वाटतात, पण डोकं ठिकाणावर यायला माझ्या ओळखीतल्या एकीला तेवढे पुरले. पुढे जास्त दिवस राहायचं असेल तर शक्ती सदनसारखी निवारागृहं आहेत. नाव-पत्ता कुणाला कळू नये असं तुम्ही सांगितलंत तर निवारागृहाने ते उघड करायचं नसतं.

माहेरी जायचं असेल तर खुशाल जा. ‘केस बडोद्यातच करावी लागेल’ असं सासरचे सांगतात, ते खोटं आहे. तुम्ही कायमच्या किंवा तात्पुरत्या जिथे राहता तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. आणि घरातून निघालात म्हणून त्या घरावरचा राहण्याचा हक्क संपत नाही. घर सासूच्या नावावर असलं तरीही संसार तिथे मांडलेला असेल तर ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सतीशचंदर आहुजा खटल्यात सांगितलंय. ‘घर तुझ्या बापाचं आहे का’ या प्रश्नाला हे उत्तर.

६. अरजी, फरियाद आणि तिसरा दरवाजा

इथे सगळ्यात जास्त बायका अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

पोलीस ठाण्यात ‘अरजी आपो’ म्हणाले की आपण अर्ज लिहून देतो, शिक्का मारलेली प्रत मिळते आणि वाटतं, केस झाली. झालेली नसते. अरजी म्हणजे नुसता अर्ज, त्यावर दोघांना बोलावून बोलणी होतात. गुन्हा नोंदवला जातो तो ‘फरियाद’ घेतली की, म्हणजे एफआयआर. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळासाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९८अ होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नवरा-बायकोच्या वादात गुन्हा नोंदवण्याआधी पोलीस प्राथमिक चौकशी करू शकतात, त्यामुळे लगेच नोंदवला नाही म्हणून तिथेच भांडत बसू नका, चौकशीचं काय झालं ते लेखी विचारत राहा. नोंदवला की तुमची फिर्याद तुम्हाला वाचून दाखवणं आणि एफआयआरची प्रत फुकट देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. वाचून दाखवताना ‘हिंदी मां’ म्हणायला लाजू नका.

तिसरा दरवाजा रक्षण अधिकाऱ्याचा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यातली पहिली पायरी म्हणजे हे अधिकारी. मी त्यांची खोली शोधत एका मजल्यावर तीन फेऱ्या मारल्या. आपण मराठीत ‘संरक्षण अधिकारी’ शोधतो आणि गुजरातेत पदाचं नाव आहे ‘दहेज प्रतिबंधक सह रक्षण अधिकारी’. गुजराती पाटीवरचा पहिला शब्द ‘दहेज’ लागला आणि मी पुढे गेले. माझा हुंड्याचा प्रश्नच नव्हता ना.

फरक असा. फरियाद नवऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून असते. या कायद्याखालचा अर्ज तुम्हाला काहीतरी मिळावं म्हणून असतो: मारू नये असा आदेश, घर, पैसे, मुलांचा ताबा, दागिने. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. माझं मत विचाराल तर मोठी इजा किंवा जिवाची भीती असेल तर दोन्ही करा. नसेल तर आधी हा. आणि हा कायदा फक्त बायकोचा नाही. आई, बहीण, विधवा सून, लग्न न करता सोबत राहणारी बाई, सगळ्यांना लागू आहे. शिवीगाळ, अपमान आणि पैशाची कोंडीही यात हिंसाच धरली आहे.

नारी अदालतीबद्दल पुष्कळ जणी विचारतात. तिची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात, १९९५ मध्ये, महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमातल्या बायकांनी केली. गावातल्या, अनुभवी बायका पंच म्हणून बसतात आणि नवऱ्याला चांगलं फैलावर घेतात. पण ती कायद्याने कोर्ट नव्हे. तिथे ठरलेलं मोडलं तर अटक होत नाही. शहरात सहियरसारखी जुनी स्त्री संघटनाही आहे. सोबत यायला माणूस नसेल तर अशा ठिकाणी जरूर विचारा. एकटीने गेलं की टेबलापलीकडचा आवाज वेगळा असतो.

७. डीआयआर भरताना

रक्षण अधिकारी जो अहवाल भरतात त्याला डीआयआर म्हणतात, नियमांतला नमुना क्रमांक १. पूर्ण केसचा पाया तोच. भरून घेताना आपण रडतो, ‘नेहमी मारतो’ म्हणतो आणि तेवढंच लिहिलं जातं. ‘नेहमी’चा कोर्टात काही उपयोग नाही. वही काढा आणि सांगा: पहिली घटना, सगळ्यात वाईट घटना, शेवटची घटना. तारीख, जागा, कशाने मारलं, कोण होतं. पैशाचं वेगळं सांगा: पगार काढून घेतला, एटीएम कार्ड ठेवून घेतलं, मुलांची फी अडवली. लैंगिक जबरदस्तीचा रकाना लाजेने रिकामा सोडू नका. माझा सुटला होता, नंतर प्रतिज्ञापत्रात घालताना समोरचे म्हणाले, आत्ताच कसं आठवलं?

याच भेटीत सुरक्षेचा आराखडाही भरून मागा. तो वेगळा नमुना आहे आणि मागितल्याशिवाय बरेचदा निघत नाही. डीआयआरची प्रत घ्या. यापुढे कुणीही ‘काय झालं ते सांगा’ म्हणालं की पहिल्यांदा ती प्रत पुढे करायची.

८. वकील

फुकट मिळतो. उत्पन्न कितीही असलं तरी बाईला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या कायद्यानेच आहे, नोकरी करत असलात तरी. ‘जिल्ला कानूनी सेवा सत्तामंडळ’ अशी पाटी शोधा किंवा १५१०० वर फोन करा. मिळालेला वकील पटला नाही तर बदलून मागा. मी मागितला, कुणी खाल्लं नाही.

९. कोर्टात

पहिल्या तारखेला मी रिक्षावाल्याला ‘न्यायमंदिर’ म्हणाले, कारण आमच्या घरात कोर्ट म्हणजे न्यायमंदिरच. सुरसागरजवळच्या त्या देखण्या इमारतीतून कोर्ट कधीच हललंय. आता जुन्या पादरा रोडवर, दिवाळीपुऱ्याला जायचं.

अर्ज त्या २००५ च्या कायद्याच्या कलम १२ खाली असतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा असं कायदा म्हणतो. तारखा लांबतात, तेव्हा साठ दिवस धरून घरभाड्याचा हिशोब करू नका. म्हणूनच अर्जासोबत अंतरिम आदेश मागायलाच हवा. प्रतिज्ञापत्राच्या आधारावर, समोरच्याला न ऐकताही तो मिळू शकतो. काय मागायचं ते वकिलावर सोडू नका, यादी करून द्या. मी मागितलं ते असं: माझ्या कामाच्या जागी आणि मुलीच्या शाळेत त्याने येऊ नये, सामायिक लॉकर उघडू नये, भाड्याचे पैसे द्यावेत, मुलीची फी भरावी. लॉकरचं शेवटच्या क्षणी सुचलं, नाहीतर मोहनमाळ गेलीच होती.

पोटगीसाठी दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, हे २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून. स्वतःचं खरं लिहा. तुमची आठ हजारांची शिकवणी लपवलेली सापडली की त्याचं लपवलेलं दुकान मागे पडतं. कोर्ट समुपदेशनाला पाठवू शकतं. तिथे ‘मी मारलं कारण ती असं बोलली’ हे समर्थन नवऱ्याला करता येत नाही, नियमातच तसं लिहिलंय. बोलायला लागला तर तिथल्या तिथे आठवण करून द्या.

कानावर पडणारे शब्द आधी माहीत असू द्या. ‘मुदत पडी’ म्हणजे पुढची तारीख मिळाली. ‘सोगंदनामुं’ म्हणजे प्रतिज्ञापत्र. ‘खाधाखोराकी’ म्हणजे पोटगी. ‘जवाब’ म्हणजे बहुतेक वेळा जबाब, नुसतं उत्तर नव्हे. आणि समाधानाचं तर सांगितलंच.

१०. आदेश हातात आल्यावर

प्रत फुकट मिळते. पाच झेरॉक्स काढा: तुमच्या भागातलं पोलीस ठाणं, मुलांची शाळा, कामाची जागा, एक पर्समध्ये, एक शेजारी. संरक्षण आदेश मोडणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ठाण्यातल्या नव्या माणसाला तुमचा आदेश माहीत नसतो, त्याच्या हातात कागद द्यावा लागतो. पैसे थकवले तर नवऱ्याच्या मालकाकडून थेट पगारातून कापून द्यायचा हुकूम मागता येतो. निकाल पटला नाही तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील, आणि ते तीस दिवस फार लवकर जातात.

मुलांची शाळा बदलायची असेल तर आठवीपर्यंत दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. बँकेत स्वतःच्या एकटीच्या नावाने खातं उघडा आणि जुन्या खात्यांवरची वारसनोंद बघा. माझ्या विम्यावर चार वर्षं त्याचंच नाव होतं.

फाइल टाकून देऊ नका. संरक्षण आदेश तुम्ही स्वतः अर्ज करून संपवेपर्यंत चालू राहतो, परिस्थिती बदलली म्हणून बदल मात्र दोघांपैकी कुणीही मागू शकतं. माझी एक प्रत अजून मासींच्या कपाटात आहे. मागच्या दिवाळीत त्यांनी साफसफाई काढली, तेव्हा माझ्याकडे येऊन विचारलं, ‘आ तारुं राखुं ने?’ ठेवा म्हटलं.